हंसाची चरबी आणि पुढचं उजवं चाक

मानवी संस्कृती चाकावर उभी आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं तेव्हा आमची फिकट हिरवी मोटार सिझरान शहराच्या बाजाराबाहेर उभी होती, मागच्या सीटवर कोबीची रोपं होती, आणि माझी बायको राइसा म्हणाली की संस्कृती कशावर का उभी असेना, आपली मोटार चालताना उं-उं करते, त्याचं काय ते बघ.

मी रेडिओचा आवाज वाढवला. मोटारीतल्या बहुतेक बिघाडांवर हा पहिला उपाय असतो आणि अनेकदा तो वर्षभर पुरतो. पण राइसाचे कान तिखट. ती म्हणाली, वेग वाढला की आवाज वाढतो, डावीकडे वळलो की जास्त, उजवीकडे वळलो की गप्प. मी म्हटलं, वारा असेल. हवामान कचेरीत अख्खी नोकरी केलेल्या माणसानं वाऱ्याचं नाव घेतलं की घरच्यांनी गप्प बसावं अशी माझी साधी अपेक्षा असते. राइसानं खिडकीबाहेर बघितलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

एरवी मी तो आवाज हिवाळ्यापर्यंत नेला असता आणि हिवाळ्यात बर्फाखाली मोटारीसकट पुरला असता. पण यंदा प्रश्न सासूबाईंचा होता.

सासूबाई म्हणजे अग्राफेना तिखोनोव्हना. त्यांचे यजमान सावेली हे वेर्खनिये लुझकी या गावच्या दफनभूमीत बर्चच्या झाडाखाली झोपलेले आहेत. जूनमधल्या पितरांच्या शनिवारी सगळी माणसं आपापल्या माणसांना भेटायला जातात, कबरीवरचं गवत काढतात, कुंपण रंगवतात, अंडं सोलून ठेवतात आणि थोडी गप्पाटप्पा करून परत येतात. बस तालुक्यापर्यंतच जाते. पुढची वाट सासूबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच सोडलेली. गेल्या वर्षी माझं अपेंडिक्स आडवं आलं आणि त्याच्या आदल्या वर्षी पूर. यंदा मे महिन्यातच त्यांनी निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन दारापाशी ठेवला होता.

"वेन्या," त्या मला म्हणाल्या, "यंदा मी सावेलीला भेटायला जाणार. पुढच्या वर्षी भेटायला जाईन की राहायला, ते काही सांगता येत नाही."

त्यात दुःख नव्हतं, धमकी नव्हती. रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. अशा बोलण्यापुढे रेडिओ चालत नाही. मी मोटार गॅरेजवर नेली.

आमची ‘पहाट’ गॅरेज सहकारी संस्था रेल्वेरुळांच्या पलीकडे आहे. लोखंडी दारांच्या रांगा, दोन रांगांमध्ये चिखल, आणि प्रत्येक गॅरेजखाली एक तळघर. तळघरात बटाटे, लोणची, मुरंबे. वर मोटार. मोटारीभोवती शेजारी. मोटार न्या अगर नेऊ नका, शेजारी असतातच. घरी बायको आहे असा कुठलाही पुरुष रविवारी सकाळी गॅरेजमध्ये काहीतरी दुरुस्त करत असतो, आणि त्याच्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही नसेल तर तो दुसऱ्याचं बघायला येतो.

डावीकडचा शेजारी तोल्या बेसपाल्चिकोव हा बस चालवतो. त्यानं आवाज ऐकण्याआधीच टायर असं निदान केलं. त्याचं म्हणणं, टायर एका बाजूनं झिजला की रडतो. म्हणून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली. मोटार फिरवून आणली. उं-उं जिथल्या तिथे. तोल्या म्हणाला, मग टायर नाही. याला निदानातली प्रगती म्हणतात.

उजवीकडचे शेजारी गेली फोमिच हे दातांचे डॉक्टर. त्यांनी मोटार जॅकवर चढवायला लावली, बाह्या वर केल्या, पुढच्या उजव्या चाकाला वरून एक आणि खालून एक असे दोन हात लावले, आणि रुग्णाला कळू नये अशा बेतानं एक हिसका दिला. चाक वर-खाली हललं. मग त्यांनी ते हातानं गरकन फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवून डोळे मिटले. मीही हात ठेवला. आत कुणीतरी खडीसाखर चावत असावं तसं लागत होतं.

"हलते आहे," गेली फोमिच म्हणाले. "मुळापासून गेलीय. काढावी लागेल."

काय काढावं लागेल ते मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. चाकाच्या मधोमध जो जाड लोखंडी भाग असतो तो हब, म्हणजे चाकाची बेंबी म्हणा. त्यात बेरिंगं बसतात. माझी बेरिंगं गेलीच होती, पण ती इतके दिवस गेलेल्या अवस्थेत नांदली होती की त्यांनी हबची बैठकही खाऊन टाकली होती. नवी बेरिंगं घातली तरी त्या हबमध्ये बोळक्यातल्या सैल कवळीसारखी फिरतील. म्हणून हबच बदलायचा. आणि तोपर्यंत मोटार बाहेर काढायची नाही, कारण चालता चालता चाक आपल्या वाटेनं आणि आपण आपल्या वाटेनं अशीही उदाहरणं असतात.

तोल्यानं मला विचारलं, आता हब कुठून आणणार, स्तेपानिच? दुकानात हब नसतात. दुकानात हब कधी येणार असं विचारलं तर विक्रेतीबाई तुमच्याकडे अशा नजरेनं बघते की आपण तिच्याशी काही अभद्र बोललो की काय असं वाटावं.

पण त्या दिवशी मी हसलो. आयुष्यात एखादाच क्षण असा येतो की चारचौघांत माणसानं शांतपणे खिशात हात घालून सांगावं: माझ्याकडे आहे.

माझ्याकडे होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका चुलतभावानं कारखान्याच्या गावाहून आणून दिलेला नवा कोरा हब, बेरिंगांसकट. तेव्हा मोटारही नवी होती, पण आमच्याकडे वस्तू लागते तेव्हा घेत नाहीत, मिळते तेव्हा घेतात. गंज चढू नये म्हणून तो मी पिवळ्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवला होता. आणि चोरीला जाऊ नये म्हणून कशात ठेवला होता? इथे माझी बुद्धी दिसते. आमच्या लग्नात निळ्या इनॅमलच्या दोन सारख्या पातेल्यांचा जोड आला होता. एकात सासूबाई हंसाची चरबी कढवून ठेवत. दुसऱ्यात मी हब ठेवला, वरून ग्रीस थापून सपाट केलं, झाकण लावलं, त्यावर सासूबाई बांधतात तसंच फडकं बांधलं, तशीच गाठ मारली, आणि तळघरात चरबीच्या पातेल्याशेजारी ठेवून दिलं. कुठलाही चोर उतरला तरी त्याला दोन पातेली चरबी दिसावी.

मी शिडीनं खाली उतरलो. एकच पातेलं होतं. ते वर आणलं, शेजाऱ्यांसमोर फडकं सोडलं आणि आत हात घातला. चरबी लागली. आणखी खाली घातला. चरबीच. कोपरापर्यंत हात गेला तरी हंसाखेरीज काही हाताला येईना. तोल्यानं बोटाला लागलेली चाटून बघितली आणि म्हणाला, हब चांगला वितळलाय.

त्या हातानं मी घरी गेलो. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जराही न गडबडता सांगितलं की हो, दुसरं पातेलं त्यांनी फेब्रुवारीत गॅरेज संस्थेच्या अध्यक्षांना दिलं. छातीत कफ दाटून बिचारा निळा पडला होता. छातीला हंसाची चरबी चोळून वर लोकरीचं फडकं बांधलं तर न्यूमोनियासुद्धा उतरतो, हे डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. पातेलं उघडून बघितलं नाही का? कशाला बघायचं, गाठ त्यांचीच होती. जड नाही लागलं? "लागलं की. मी म्हटलं, भरगच्च भरलंय."

मी विचारलं, मग अध्यक्षांनी ते चोळलं?

"खोकला गेला ना त्याचा," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

आता अध्यक्षांविषयी सांगायला हवं. इग्नात सिदोरोविच पोलुशुबकिन हे अग्निशमन दलातले निवृत्त मेजर. आयुष्यभर धूर खाऊन त्यांच्या नाकाला कसलाच वास येत नाही आणि आयुष्यभर हुकूम देऊन कानाला कसलीच हरकत ऐकू येत नाही. संस्थेचं फाटक कधी उघडायचं, कुणाच्या दाराला कुठला रंग लावायचा आणि मुळात गॅरेजखाली तळघर असणं नियमात बसतं का, हे सगळं त्यांच्या हातात. या माणसानं फेब्रुवारीभर रोज दोन वेळा छातीला चाकाचं ग्रीस चोळून घेतलं होतं, आणि बरा होऊन तो सगळ्या संस्थेत अग्राफेना तिखोनोव्हनांच्या चरबीची तारीफ करत होता. अशा माणसाला काय सांगायचं? आणि न सांगावं तर हब कसा मिळायचा? शनिवार तर आठवड्यावर आला होता.

मी सभ्यपणानं सुरुवात केली. खऱ्या चरबीचं पातेलं घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, इग्नात सिदोरोविच, ते जुनं झालं असेल, हे ताजं घ्या, ते परत द्या. त्यांची बायको झिनाइदा लगेच पुढे आली. तिनं सांगितलं की ते पातेलं ती मरेपर्यंत देणार नाही. आधीचा हंस वेगळाच होता. चादरींवरचे डाग निघत नाहीत, हे खरं, पण माणूस वाचला. तिनं ताज्या चरबीत बोट घालून वास घेतला आणि नाक मुरडलं. हिच्यात ताकदच नाही म्हणाली.

अध्यक्षांनी विचार करून सांगितलं की दिलेली वस्तू परत मागणं ही गंभीर बाब आहे, आणि मी तसा अर्ज करावा. अर्ज केला. तो परत आला. अर्जदाराला जून महिन्यात हंसाची चरबी कशासाठी हवी याचा खुलासा नव्हता. मी खुलासा लिहिला की सासूबाईंना खोकला झाला आहे. तोही परत आला, कारण त्याच दिवशी अध्यक्षांनी सासूबाईंना पाण्याच्या दोन बादल्या घेऊन गाणं गुणगुणत जिना चढताना बघितलं होतं. मी सासूबाईंना विनंती केली की निदान फाटकापाशी तरी थोडं खोकावं. त्या म्हणाल्या, "पितरांच्या आठवड्यात खोटं खोकू? सावेली काय म्हणेल?"

मी हवामान कचेरीत पंचवीस वर्षं उद्याचं सांगत होतो आणि लोक ऐकून छत्री घेत होते किंवा मुद्दाम घरी ठेवत होते. पण अपमान असा कधी झाला नव्हता. संस्थेत बातमी अशी पसरली होती की वेनियामिन स्तेपानोविचनं म्हाताऱ्या सासूनं प्रेमानं दिलेली चरबी आजारी माणसाकडून परत मागितली. फाटकावरचा पहारेकरी, जो कधी कुणाशी बोलत नाही, तो माझ्याकडे बघून आपल्या कुत्र्याशी बोलला. तोल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की पेन्शन पुरत नाही का.

शेवटी प्रकरण कार्यकारिणीपुढे गेलं. गुरुवारी संध्याकाळी, उन्हात, आमच्याच रांगेत, जुन्या टायरांवर बसून सभा झाली. अध्यक्षांनी दोन्ही बाजू मांडल्या, म्हणजे आपली दोनदा मांडली. सासूबाईंना साक्षीला आणून माझ्याच स्टुलावर बसवलं होतं. त्यांना विचारलं, पातेलं तुम्ही खुशीनं दिलं? त्या म्हणाल्या, खुशीनं दिलं. मग परत का हवं? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "वेन्याला त्याच्याशिवाय मला सावेलीकडे नेता येत नाही." सभेनं याचा अर्थ काय लावला मला माहीत नाही, पण पुष्कळांनी टोप्या काढल्या.

गेली फोमिच दातांचे डॉक्टर असल्यामुळे त्यांना लोकांची तोंडं कशी उघडावीत आणि कशी मिटावीत हे समजतं. त्यांनी ठराव मांडला की पातेलं इथेच आणून चरबी निम्मी निम्मी वाटून घ्यावी. ठराव पास झाला. झिनाइदा पातेलं घेऊन आली, मांडीवर ठेवलं, डोळे पुसले, आणि मोठा लाकडी चमचा मध्यभागी खुपसला.

चमचा मध्येच अडला. आतून ठण्ण असा आवाज आला.

 झिनाइदानं पुन्हा खुपसला, पुन्हा ठण्ण. तिनं हात घातला आणि थोडं चाचपून, बाळ उचलावं तसं दोन्ही हातांनी काहीतरी वर काढलं. पिवळंधमक, गोल, चकतीला भोकं असलेलं. त्यातून ग्रीसचे लपके पातेल्यात पडत होते.

"फार दांडगा हंस होता," गेली फोमिच हळूच म्हणाले.

 सगळ्यांची नजर अध्यक्षांच्या छातीवर होती. अध्यक्षांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. त्यांचा चेहरा मी पुष्कळ वेळ बघितला, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते मला सुचेना. आधी तो लाल झाला, मग पांढरा, आणि शेवटी एकदम म्हातारा झाला. आठवडाभर मी ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होतो त्याच्या जागी पँटवर चिखल उडालेला, बायकोच्या बोटांनी बरं वाटलेला एक साधा गृहस्थ टायरवर बसला होता. मला माझ्या बुद्धीची शरम वाटली. चोर काही आला नाही, आणि फसला तो हा.

सासूबाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी पातेल्यात वाकून बघितलं, बोट लावलं, चिमटीत चोळलं.

"आजारी माणसाला चोळायचं असतं, इग्नात," त्या म्हणाल्या. "काय चोळलं यापेक्षा कुणी चोळलं ते महत्त्वाचं. झिना रोज दोन वेळा बसायची ना तुझ्याजवळ?"

झिनाइदा म्हणाली, बसायची.

"मग झालं."

अध्यक्ष उठले. घसा साफ केला, आणि एवढं मात्र खरं की त्यात खोकला नव्हता. त्यांनी जाहीर केलं की एका सभासदाच्या सासूला शनिवारी दफनभूमीत जायचं आहे, मोटार जॅकवर आहे, आणि संस्था बघत बसली आहे. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. सर्वांनी बाह्या वर कराव्यात. आजच्या सभेचा विषय चाक हा होता, दुसरा कुठलाही विषय चर्चेला आला नव्हता.

मग जे झालं त्याला मी दुरुस्ती म्हणेन असं नाही. ज्याला पाना मिळाला त्यानं पाना धरला, ज्याला मिळाला नाही त्यानं पाना धरणाऱ्याला धरलं. चाक काढलं. ब्रेक सोडवून बाजूला टांगला. हबच्या तोंडावरची लोखंडी टोपी ठोकून काढली. आता आत एकच नट होता, तो सुटला की हब हातात येणार. पाना लावला. तोल्यानं जोर लावला. नट हलला नाही. पान्याला पाइप जोडला. दोघांनी जोर लावला. मग चौघांनी. मोटार जॅकवर डुलू लागली. गेली फोमिच म्हणाले, भूल द्यावी लागेल. केरोसीन ओतलं. गंज चढलाय म्हणाले. हातोडीनं ठोकलं. तोल्या पाइपला लोंबकळला, पाइप सटकला आणि तोल्या मोटारीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात गेला. तिथून त्यानं, बायकांच्या उपस्थितीमुळे, फक्त पहिली अक्षरं उच्चारली. नट पूर्वीपेक्षा घट्ट झाला होता.

मी म्हटलं, दोन्ही बाजूंचे नट सारखे असतात का, हे कुणीतरी बघायला हवं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ज्या माणसानं हब चरबीच्या नावाखाली लपवला त्याचं मत कोण विचारतो. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं.

अध्यक्ष इतका वेळ कमरेवर हात ठेवून बघत होते. त्यांना गोंधळ सहन होत नाही. आग लागली तरी ती रांगेत लागावी असं त्यांना वाटतं. त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं की अशा बेशिस्तीत काम होत नसतं. आतापर्यंत जे सोडवलं ते सगळं रद्द. नट आधी होता तसा पुन्हा आवळून ठेवायचा, मग ओळीत उभं राहायचं आणि त्यांच्या हुकमानं पहिल्यापासून सुरुवात करायची. तोल्या खड्ड्यातून म्हणाला, जो सुटलाच नाही तो आवळायचा काय? पण मेजरचा हुकूम. पहारेकऱ्यानं पाना उलट्या बाजूला लावला आणि आवळण्यासाठी एक हलका हिसका दिला.

नट करकरत सुटला.

एका बाजूच्या नटाचा आटा उलटा असतो. हे मला आता माहीत आहे आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाला ते पूर्वीपासून माहीत होतं, असं त्या संध्याकाळपासून प्रत्येकजण सांगतो.  अध्यक्षांनी शर्टाचं वरचं बटण पुन्हा सोडलं.

जुना हब हातात आला. आतली बैठक आरशासारखी गुळगुळीत झाली होती आणि बेरिंगच्या गोळ्यांवर उंदरानं कुरतडल्यासारखे खड्डे पडले होते. तो हातातून हातात फिरला. प्रत्येकानं मान हलवली, आजाऱ्याला उशिरा डॉक्टरकडे नेल्यावर नातेवाईक हलवतात तशी. नवा हब पुसला, बेरिंगांत बोटानं ग्रीस भरलं, दांड्यावर चढवला, नट चाक अडणार नाही आणि डुलणारही नाही इतपत आवळला, या वेळी बरोबर दिशेनं, आणि टोपी ठोकून बसवली. गेली फोमिच यांनी वरून आणि खालून हात लावून हिसका दिला. चाक हललं नाही. त्यांनी ते फिरवलं. आवाज आला नाही. "आता दोन तास काही खाऊ नका," ते म्हणाले.

सगळी आवराआवर झाल्यावर अध्यक्ष माझ्याकडे आले. उरलेलं ग्रीस पातेल्यात तसंच होतं. त्यांनी झाकण लावलं आणि दुसरीकडे बघत विचारलं की हे मला लागणार आहे का. मी म्हटलं, नाही. त्यांनी पातेलं काखेत घेतलं. जाता जाता म्हणाले, "वेनियामिन स्तेपानोविच, नोव्हेंबरात मला पुन्हा खोकला होतो."

शनिवारी निघण्याआधी रीतीप्रमाणे आम्ही सगळे क्षणभर गप्प बसलो. सासूबाई रंगाच्या डब्यावर, राइसा अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन, मी बुटांच्या कपाटावर. माझी नखं अजून काळी होती. साबण, वाळू, व्हिनेगर, सगळं करून झालं होतं. मग उठलो आणि निघालो.

रस्ता सरळ होता. मी वेग वाढवला. मोटार इतकी गप्प होती की मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. डावीकडे वळलो, गप्प. उजवीकडे वळलो, गप्प. मी राइसाकडे बघितलं. तिनं काहीतरी म्हणावं असं वाटत होतं. तिनं बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाली की आता मागचं दार खडखडतं ते नीट ऐकू येतंय. सासूबाई झोपल्या होत्या.

वेर्खनिये लुझकीची दफनभूमी टेकाडावर आहे. गवत कमरेएवढं वाढलं होतं. सावेलींच्या कबरीभोवतीचं कुंपण एका बाजूला कललं होतं आणि निळा रंग पोपडे होऊन सुटला होता. मी गवत काढलं, राइसानं रंग लावला. सासूबाई बाकावर बसल्या, अंडं सोललं, चुरून ठेवलं, पेल्यात थोडी व्होडका ओतली, थोडी जमिनीवर ओतली, आणि मग बोलू लागल्या. तीन वर्षांचं साठलेलं होतं. कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, शेजारणीची गाय, गुडघे, पूर, माझं अपेंडिक्स. पोलुशुबकिनचा खोकला. मी रंगाचा डबा हातात धरून उभा होतो. खोकल्यानंतर ग्रीस यायचं, ग्रीसनंतर हब, हबनंतर मी. त्यांनी अध्यक्षांबद्दल पुष्कळ सांगितलं. मग झिनाइदाबद्दल. मग म्हणाल्या की झिनासारखी बायको नशिबानं मिळते आणि सावेलीलाही तशीच मिळाली होती.  वरून बर्चची पानं सळसळत होती.

"आणि वेन्यानं आणलं मला," शेवटी त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. मी दूर बघू लागलो. एवढ्यात काही कमी नव्हतं, पण कुठेतरी मला वाटत होतं की नटाचं तरी यायला हवं होतं.

ऊन कलल्यावर त्या उठल्या. कुंपणाचं छोटं फाटक उघडलं, आणि ते इतक्या जोरात किंचाळलं की पलीकडच्या कबरीवर बसलेले लोकही वळून बघू लागले. सासूबाईंनी ते मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. मग माझ्या काळ्या नखांकडे बघितलं.

"वेन्या, याला थोडं ग्रीस लाव ना. त्याला झोप लागत नसेल."

मी म्हटलं की ग्रीस आणलेलं नाही, आई. उरलेलं होतं ते पोलुशुबकिन घेऊन गेले. आता जे आहे ते फक्त चाकात, हबच्या आत, नटाच्या मागे.

त्यांनी टेकाडाखाली उभ्या असलेल्या मोटारीकडे बघितलं आणि पुन्हा बाकावर बसल्या.

"मग काढ की त्यातलं थोडंसं," त्या म्हणाल्या. "आम्ही थांबतो."